हेला सात महिन्यांचा गाभण

मी आयुष्यभर शेण गोळा केलं. हे मी छाती पुढे काढून सांगते, पण माझ्या आईला ते अजून जमलेलं नाही. नागभीडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेजारणी विचारायच्या, "पोट्टी शिकून राह्यली म्हनते, कायचं शिकते जी?" आई आधी सांगायची, "डॉक्टरकी." मग बाया नाडी दाखवायला मनगट पुढे करू लागल्या, तेव्हा ती म्हणू लागली, "जनावराची डॉक्टरकी." तर एकीने लंगडी शेळी आणून दारात बांधली. शेवटी आईने हार मानली आणि खरं ते सांगून टाकलं: "शेन पाह्यते ते." त्यानंतर आमच्या घरी कोणी काही विचारायला आलं नाही.

आता खरं सांगायचं तर मी शेण बघत नाही, शेणातली स्टेरॉइड हार्मोनं बघते. पण हा फरक सांगायला गेलं की माणसं जास्तच दूर सरकतात. चंद्रपूरच्या कॉलेजात मी रुजू झाले त्या आठवड्यात दंडाचे गोळे फुगवलेले चार पोट्टे दारात उभे. "मॅडम, तुमच्याकडे स्टेरॉइड आहे म्हणे. पावडरमध्ये पाहिजे." मी म्हटलं, "आहे की. पण म्हशीचं आहे. दंड फुगायचे नाहीत, दूध उतरेल." त्यातला एक जण खरंच विचारात पडला होता.

स्टेरॉइड म्हणजे चार कड्यांची साखळी. तीन कड्या सहा कोनांच्या, एक पाच कोनांची. देवाने काटकसर करायची ठरवली आणि ही एकच साखळी पुन्हा पुन्हा वापरली. कुठल्या कोपऱ्यात काय टांगलं आहे त्यावर ठरतं, माज येणार, गर्भ टिकणार की मिशी फुटणार. एक-दोन अणू इकडचे तिकडे झाले की बाईचा बुवा. इतका बारीक फरक आहे हो. पण तेवढ्यावर जगात कोणी खाटेवर बसतं आणि कोणी तिच्या खालचं झाडतं.

हे हार्मोन अंगात काम करून दमलं की शेणावाटे बाहेर पडतं. म्हणजे म्हैस गाभण आहे का हे कळायला तिला सुई टोचायची गरज नाही. रक्त मागायला गेलं तर म्हैस लाथ घालते. शेण मागायला गेलं तर फार तर शेपटी. म्हणून आमचा प्रकल्प: धानाच्या पट्ट्यातल्या म्हशींचं शेण आणायचं, त्यातलं गर्भ टिकवणारं हार्मोन मोजायचं, आणि मालकाला वेळेवर सांगायचं की तुमची म्हैस गाभण आहे, रिकामी आहे, की माजावर यायच्या बेतात आहे.

हे सांगायला माणूस लागतो, कारण म्हैस स्वतः सांगत नाही. गाय माजावर आली की हंबरून सगळं गाव गोळा करते. म्हैस पडली घरंदाज. तिचा माज मुका. तिने एकदा कान हलवला, एकदा मान वळवली, झालं. मालकाच्या लक्षात येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. कृत्रिम रेतनाची कांडी येते तेव्हा माज उतरलेला, आणि माज येतो तेव्हा कांडीवाला कोणाच्या तरी लग्नाला गेलेला. मग मालक दोन वर्षं वाट बघतो आणि म्हशीला 'भाकड' म्हणून बाजाराचा रस्ता दाखवतो.

तर अशाच एका गावात मी गेले. मुलचेरा तालुक्यात, रस्त्याच्या शेवटी, आणि तो रस्ता असा की आमची जीप एका खड्ड्यात उतरली तर समोर आधीच एक बस मुक्कामाला होती. जीपवाले भाई चंद्रपूरचे, त्यांच्या घरी पिढीजात टिनाचं काम; भाईंनीच ते सोडून स्टिअरिंग धरलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हा रोड नाई जी, हा तर रोडचा कंकाल हाये."

गावात पोचल्यावर पाटलांनी स्वागत केलं. पाटलांच्या शेजारी त्यांचा हेला उभा होता. हेला म्हणजे रेडा, आमच्याकडचा शब्द. पण त्या जनावराला नुसतं रेडा म्हणणं म्हणजे ताडोब्याच्या वाघाला मनीमाऊ म्हणण्यासारखं. अंगाला रोज तेल, शिंगांना शेंदूर, ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, टोपलं वेगळं, आणि पाणी प्यायला तांब्याचं घंगाळ. पाटील चालले की हेला चालल्यासारखा वाटायचा, आणि हेला चालला की माणसं उठून उभी राहायची. गावातले बाकीचे हेले खच्ची करून धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, चिखल करायला जुंपलेले. वळू म्हणून हा एकच. दुसरा ठेवायची कोणाची छाती नव्हती.

आणि दोन वर्षं गावात एकाही म्हशीला पारडू झालं नव्हतं.

गावाने कारणं शोधली होती. बोअरचं पाणी जड आहे. मोबाईलचा टॉवर लागला तेव्हापासून झालं. म्हशी आजकाल चालत नाहीत, बसून असतात. एका आजोबांनी तर म्हशींच्या नवीन दोरांवर संशय घेतला होता, प्लॅस्टिकचे आहेत म्हणून. हेला सोडून सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

पाटील मला घरोघर फिरवत होते. एका अंगणात खाटेवर एक माणूस पाय सोडून बसला होता. त्याने माझ्याकडे बघून म्हशीकडे बोट केलं. "मॅडम, ह्या म्हशीले बाजारात न्याची हाये. दोन वर्साची बसून खाऊन राह्यली."

म्हशीजवळ एक बाई उभी होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती त्याच्या धाकट्या भावाची बायको. तो तिचा भासरा. भासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत. तिने तोंड उघडलं, पण म्हशीकडे बघून.

"ऐकलं का वं? बसून खाते म्हने तू. खाटेवर कोन बसला हाये ते पाह्य बरं एकदा."

म्हशीने पाहिलं. शपथेवर सांगते, मान वळवून खाटेकडे पाहिलं.

भासरा माझ्याकडे वळला. "मॅडम, तिले सांगा, बाजार बुधवारी हाये."

"सांगजो वं त्यायले," ती म्हशीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाली, "तू माह्या बापाच्या दारातून आली. मले आंदण दिली तुले. बापाची वस्तू विकाची तर बापाले विचारा म्हना."

"मॅडम, बाप मेला तिचा."

"तं मंग स्वर्गात जाऊन विचारा म्हना. कोनी अडवलं नाई."

मध्ये मी उभी. स्टेरॉइडशास्त्रातली पीएच.डी. आणि एका म्हशीची दुभाषी.

तिचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, वर्षातले सहा महिने तो तिकडेच. घरात ती, भासरा, जाऊ आणि म्हैस. जाऊ भासऱ्याच्या बाजूची. म्हैस गेली असती तर दूध गेलं असतं म्हणता येत नाही, दूध नव्हतंच. पण तिचं तोंड गेलं असतं. त्या घरात बोलायला दुसरं जनावर नव्हतं. एक कोंबडी होती. पण कोंबडीकडे बघून भासऱ्याला टोमणा मारता येत नाही, ती वाक्य पूर्ण व्हायच्या आत उठून जाते.

मी म्हटलं, "भाऊ, महिनाभर थांबा. मशीनवर बघू. गाभण असली तर ठेवा."

"अन नसन तं?"

"नसली तर का नाही ते बघू."

"नसन तं बाजार," तो म्हणाला. पाटलांनी मान डोलावली. म्हणजे ठरलं.

मी प्रत्येक घरी प्लॅस्टिकच्या डब्या दिल्या, डबीवर जनावराचं वर्णन लिहून. तुलना करायला एक नर हवा असतो, म्हणून पाटलांच्या हेल्याचीही एक डबी. ठरल्या दिवशी भाई जाऊन बर्फाच्या पेटीतून सगळ्या डब्या घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, मले वाटलं शेन मांगाले गेलो तर शिव्या भेटतीन. अन तिथी तर रांगोळी काढून ठेवली होती."

ते ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पण मी खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी शेण देताना रांगोळी काढली होती.

या चाचणीला बारीक खळग्यांची प्लॅस्टिकची पाटी असते; ज्या खळग्यात हार्मोन जास्त, तिथे रंग फिका पडतो. नमुने पाटीत घालून मी मशीनसमोर बसले. पहिला खळगा फिका. दुसरा फिका. सगळी पाटी पांढरी पडली, आणि तिच्याकडे बघून मीही. गावातली प्रत्येक म्हैस गाभण. सगळ्या एकाच महिन्याच्या. आणि हेलाही. हेला तर सगळ्यांत पुढे. आकडा बघितला तर सातवा महिना भरत आलेला.

आमचे विभागप्रमुख मागे येऊन उभे राहिले. त्यांना आयुष्यात एकदा तरी परदेशी मासिकात नाव छापून आणायचं होतं, आणि ती वेळ आली असं त्यांना वाटलं. "मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "हेला गाभण! हे जगात कुठे झालेलं नाही. बाहेर कोणाला बोलू नका."

"सर, हेल्याला गर्भाशय नसतं."

"म्हणूनच तर ते महत्त्वाचं आहे!"

त्यांना तसंच आनंदात सोडून मी दुसऱ्या दिवशी जीप काढायला लावली.

पाटलांच्या ओसरीवर मी सगळ्या बायांना बोलावलं आणि विचारलं, "खरं सांगा. डब्यांमध्ये कोणाचं शेण भरलं?"

बाया एकमेकींकडे बघून हसल्या. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "का झाला जी? चांगलं नव्हतं का?"

"चांगलंच होतं. फारच चांगलं होतं. कोणाचं होतं?"

"आमच्या गाईचं," पाटील म्हणाले, आणि गोठ्यातल्या पांढऱ्याशुभ्र, पोट टम्म झालेल्या गाईकडे बोट दाखवलं. "सातवा चालू हाये तिले."

"सगळ्या डब्यांत?"

"मंग! मॅडम, तुम्ही इतल्या दुरून आल्या. पह्यल्यांदा गावाले कायतरी मांगतलं. अन आम्ही पाव्हन्याच्या हातात भाकड म्हशीचं शेन ठेवावं? काही इज्जत हाये का नाई गावाची?"

एक म्हातारी पुढे आली. "आम्ही बसून ठरवलं बाई. द्याचं तं चांगल्या जनावराचं द्याचं. गाभन गाईचं. सकाळचं ताजं."

मी विचारलं, "आणि हेल्याच्या डबीत?"

"त्यात दोनदा दाबून भरलं जी. मोठं जनावर हाये."

इतक्या आदरापुढे चिडायचं कसं? आमच्या पट्ट्यात पाहुण्याला उरलेला भात कोणी वाढत नाही; तोच न्याय. चूक माझी की मी मशीनवर बघू म्हटलं, पण मशीनवर शेणच बघतात हे सांगितलं नाही. त्यांना वाटलं, चंद्रपूरच्या मॅडमला अंगण सारवायला हवं असेल. आमच्या विभागप्रमुखांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की घरात कोणी गेलं असावं. परदेशी मासिक हातातून गेलं हो त्यांचं.

मग मी स्वतः उतरले. दिवसाआड पहाटे जाऊन एकेका म्हशीच्या मागे डबी घेऊन उभी राहायचे. म्हशीला वाट बघणारं माणूस आवडत नाही. मी उभी असेपर्यंत ती रवंथ करत राहायची, आणि मी कंटाळून पाठ फिरवली की मागे आवाज. मी तिच्या मागे, पोट्टे माझ्या मागे, आणि पाटील ओसरीवरून सगळ्यांच्या मागे लक्ष ठेवून. शाळेतल्या पोरांनी माझ्यावर एक गाणं रचलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाल मात्र चांगली होती.

पण आलेख मात्र असे आले की माझी झोप उडाली. म्हशीशी बोलणाऱ्या त्या सुनेला मी मनात म्हशीवालीच म्हणू लागले होते; तिच्या म्हशीचं हार्मोन वर चढत होतं, टिकत होतं, मग एकदम खाली येत होतं आणि पुन्हा चढत होतं. म्हैस वेळच्या वेळी माजावर येत होती, गप्प राहून. बाकीच्या म्हशींचंही तेच. एकही भाकड नव्हती. आणि पाटलांच्या हेल्याचं जे नरपणाचं हार्मोन, त्याची रेघ आलेखाच्या तळाशी पसरली होती, उन्हाळ्यातल्या नाल्यासारखी. नुसत्या रेघेवरून कोणाला नापास करू नये हे शास्त्रात आम्हाला शिकवतात. पण दोन वर्षांत गावात एक पारडू नाही, म्हशी सगळ्या धडधाकट, आणि वळू एकच. याला अजून किती शास्त्र लागतं?

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मंडळी जमली. मी आलेख दाखवले. शब्द जपून वापरले. म्हटलं, "म्हशींमध्ये दोष दिसत नाही. हेल्याची एकदा तपासणी करून घ्यावी."

ओट्यावरच्या सगळ्या पुरुषांनी एकदम मांडी बदलली. मी हेल्याबद्दल बोलत होते. पण तोंडं अशी झाली की मी एकेकाचा अहवाल वाचून दाखवतेय.

पाटलांनी शांतपणे विचारलं, "मशीन कुठची हाये?"

"परदेशातली."

"मंग! तिले आपल्या हेल्याचं का समजते? तिथचे हेले थंडीतले."

प्लॅस्टिकच्या दोराचे आजोबा म्हणाले, "हेल्यात दोष कसा असन मॅडम? दोष तं म्हशीत असते. आम्ही बारीक होतो तेव्हापासून म्हशीतच हाये."

दुसऱ्याने सुचवलं, "नजर लागली असन हेल्याले."

मी म्हटलं, "नजर लागली असेल तरी पारडू होत नाहीये ना भाऊ."

"पारडू होनं न होनं देवाच्या हातात हाये," पाटील म्हणाले. म्हैस भाकड ठरते तेव्हा तो देव कुठे जातो, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्याआधी भासरा बोलला. माझ्या तासभराच्या भाषणातून त्याने आपल्याला हवं ते एकच वाक्य वेचून काढलं होतं.

"म्हनजे म्हस गाभन नाई. झालं. बुधवारी बाजार."

ओट्याच्या मागे बाया उभ्या होत्या. त्यांत म्हशीवाली. तिने माझ्याकडे पाहिलं, भासऱ्याकडे पाहिलं, पदर ओढला आणि निघून गेली. मला वाटलं, रडायला गेली. पुरुष दुसऱ्या विषयाला लागले, रस्त्याच्या, आणि तेवढ्यात गर्दी फाटली. ती म्हैस घेऊन आली होती. सरळ ओट्याला आणून भिडवली.

"ये वं, इकडे ये," ती म्हशीला म्हणाली, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुह्यावर पंचायत बसली, अन तूच नाई? विचार बरं यायले, ज्यात दोष नाई त्याले बाजार, अन ज्यात दोष हाये त्याले तेल, हा कुठचा न्याय?"

बायांच्या घोळक्यातून कोणीतरी हसलं, आणि मग ते हसू आवरेना. आता एकट्या सुनेला गप्प बसवता आलं असतं. पण म्हशीला कोण गप्प बसवणार? तिने ओट्यावर मुंडकं ठेवलं होतं, थेट पाटलांच्या पायाशी.

पाटील मुरलेले राजकारणी. हसू वाढतंय हे बघून त्यांनीच तोडगा काढला. "पोळ्यापर्यंत थांबू. आपला हेला आनखी एकदा लावू तिले. पोळ्यानंतर मॅडमचं मशीन का म्हनते ते पाहू. नाई तं बाजार. का म्हनते मंडळी?" मंडळी नेहमीप्रमाणे तेच म्हणाली. आठवड्याभरातच पाटलांनी हेला आणवला, गावासमोर कार्यक्रम झाला, आणि म्हैस, तिच्या माजाला अजून अवकाश होता, ती गवत खात उभी राहिली.

त्या कार्यक्रमाहून निघताना म्हशीवालीने मला जीपमागे गाठलं. पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली. "बाई, तुमची मशीन एवढं सांगते, तं हे सांगन का, माही म्हस कोन्या दिवशी तयार असन?"

म्हटलं, "सांगेल. पण हेला?"

"हेला पलीकडल्या बंगाली गावात हाये. तुम्ही दिवस सांगा फक्त."

मी एवढी वर्षं प्रबंध लिहिले, परिषदांमध्ये बोलले. कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी दिवसाआड नमुने आणले. हार्मोनची रेघ घसरू लागली तसा मी तिच्या घराशेजारच्या दुकानात फोन केला: "सांगा तिला, उद्या-परवा." आणि राहवेना म्हणून दुसऱ्या दिवशी जीप घेऊन मीही गेले.

ती म्हैस घेऊन निघालीच होती. वाट पाटलांच्या घरावरून. पाटील ओसरीवर, हेला सावलीत.

"कुठी चालली वं?"

ती म्हशीकडे बघून म्हणाली, "सांग त्यायले, तळ्यावर धुवाले चाललो. अंगाले लय घान लागली."

बंगाली गाव, म्हणजे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती, धानाच्या बांध्या ओलांडून पलीकडे. ती पुढे, म्हैस तिच्यामागे, आणि आमची जीप पहिल्या गिअरमध्ये सगळ्यांच्या मागे. भाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. "अल्लाकसम मॅडम, जिंदगीत अशी बारात नाई पाह्यली. दुल्हन चार पायावर समोर, अन बाराती जीपमधी मागं."

तळ्यात मासे पाळलेले होते आणि काठावर तिथला हेला. काय सांगू! पाटलांच्या हेल्याची सावली याच्यापेक्षा जाड. बरगड्या मोजून घ्याव्यात, शिंग एक वर आणि एक आडवं, कपाळावर पांढरा ठिपका, जसा कोणी चुन्याचं बोट पुसलंय. मी मालकाला विचारलं, "दादा, याला खायला काय घालता?" तो म्हणाला, "दीदी, याला खायाला टाईम कुठे आहे?"

यापुढचं वर्णन शास्त्रीय मासिकातच शोभेल. म्हैस नेहमीप्रमाणे काही बोलली नाही.

नंतरचे नमुने मी जीव मुठीत धरून मोजले. रेघ वर चढली. दरवेळी जिथून खाली यायची त्या जागी आली. आणि खाली आली नाही. पुढच्या फेऱ्यातही नाही. मी प्रयोगशाळेत एकटीच इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीत परीक्षा देणाऱ्या पोराने पेपर टाकून पळ काढला. तो नापास झाला त्याला मी जबाबदार नाही, तो तसाही होणारच होता.

पोळा झाला. बैलांचे साज अजून उतरायचे होते. त्याच ओट्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "म्हैस गाभण आहे."

मग पाटील उठले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मिशी सरळ केली, आणि मोठ्याने म्हणाले, "पाह्यलं का? मी का म्हनत होतो? हेल्यात दोष नाई म्हनून!"

ओट्यावर असा आनंद उसळला की विचारू नका. माणसांनी मांड्या सोडल्या. आजोबांनी तंबाखू मळून सगळ्यांना वाटली. हेल्यावरचा डाग पुसला गेला, आणि त्याबरोबर कोणाकोणावरचा काय काय. भासरा सगळ्यांत पुढे. "आपल्या पाटलाच्या हेल्याचं बीज हाये माह्या घरी," तो सांगत सुटला. "म्हस आता कुठी जात नाई." एवढा वेळ ती म्हैस त्याच्या भावाच्या बायकोची होती, गाभण राहिल्या राहिल्या त्याची झाली.

माझ्या हातात कागद होते. कार्यक्रमाच्या दिवशी त्या म्हशीचं हार्मोन पार शिखरावर होतं, म्हणजे तेव्हा गर्भ राहणं शक्यच नव्हतं, हे त्या कागदावर सूर्यप्रकाशासारखं स्पष्ट होतं. मी घसा साफ केला. "एक मिनिट. तारखा बघितल्या तर..."

भाईंना तेवढ्यात इतका जोराचा खोकला आला की मी वळून पाहिलं. त्यांच्या शेजारी म्हशीवाली. ती मला बाजूला घेऊन गेली.

"बाई, कागद ठेवा आत."

"अगं, पण खोटं श्रेय..."

"घेऊ द्या त्यायले. बंगाल्याच्या हेल्याचं पारडू म्हटलं तं उद्या पुन्हा बाजार. पाटलाच्या हेल्याचं म्हटलं तं तिले विकाची छाती कोनाची हाये? भासऱ्याची?" तिने ओट्याकडे पाहिलं. "पाटील सोताच राखन करन आता तिची."

मी वकिली करायला गेले होते आणि अशील खटला जिंकून बसलं होतं. मी कागद घडी करून पिशवीत घातले. मग शास्त्रज्ञाची भूक काही स्वस्थ बसू देईना. म्हटलं, "बरं, मग आजचा एक नमुना तरी दे. शेवटचा. माझा आलेख पूर्ण होईल."

"नाई जी."

"का गं? आजवर दिलेस ना?"

"आजवर रिकामी होती. भरल्या म्हशीचं शेन घरातून बाहेर देत नाई आम्ही. गाईचं अलग असते." आणि माझं पडलेलं तोंड बघून तिने समजूत काढली, "वाईट वाटून घेऊ नका. चहा घेऊन जाजा."

त्यामुळे माझ्या त्या शोधनिबंधात शेवटचा ठिपका नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी लाल अक्षरात विचारलं होतं, हा नमुना का घेतला नाही, आणि जनक रेडा कोणता? मी लिहिलं, मालकिणीने नकार दिला, आणि जनकाबद्दल गावात एकमत आहे.

वगार झाली, म्हणजे मादी पारडू, कपाळावर पांढरा ठिपका घेऊन. पाटील स्वतः बघायला गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, ठिपक्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि उठून म्हणाले, "डिट्टो. तोंडवळा पाहा, डिट्टो आमच्या हेल्याचा."

"होय जी," गोठ्यातून म्हशीवाली म्हणाली. या वेळी तिने म्हशीला मध्ये घेतलं नाही. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, आणि भासरा खाटेवरून उठून वैरण आणायला गेला.